बाबांच्या आवाजाचे तुकडे

प्रिय धाकल्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. भांडायला नाही, घाबरू नकोस.

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं, हे आत्याकडून कळलं असेलच. गाठ निघाली, पण आवाजही तिच्याबरोबर गेला. ज्यांच्या एका हाकेनं आपण गच्चीवरून धडपडत खाली यायचो, ते आता चहा हवा असला की टेबलावर बोटं वाजवतात. माझी चिमी त्यांच्या मागे लागते, "आजोबा, आईला गोष्टी सांगायचात ना? मग मला पण सांगा की!" ते नुसते हसतात.

तेव्हा मला त्यांच्या गोष्टींची रेकॉर्डिंग आठवली. हरवू नये म्हणून तूच ती तुझ्या प्रोग्रामनं नातेवाइकांच्या कॉम्प्युटरवर तुकड्यातुकड्यांनी वाटली होतीस. तो प्रोग्राम माझ्या नव्या मशीनवर चालेना, म्हणून त्याच्याशी बोलेल असा दुसरा मी लिहिला. आत्याच्या मशीननं ओळख दिली आणि पुढच्या क्षणी लाइन तोडली. बरंच डोकं फोडल्यावर उलगडलं: आकडा पाठवताना तू त्याचा मोठा भाग, म्हणजे मोठा बाइट, आधी ठेवतोस, मी छोटा. मी मागत होते एक नंबरचा तुकडा, तिकडे ऐकू जात होतं एक कोटी सदुसष्ट लाख! अख्ख्या खानदानानं बडबड केली तरी एवढे तुकडे व्हायचे नाहीत. मी बाइट उलटे केले आणि गोष्टी भराभर आल्या.

एक मात्र अर्धीच राहिली. तिचे उरलेले तुकडे फक्त तुझ्याकडे आहेत. तुझं मशीन रोज दिसतं, मी हाक मारते, ते तोडतं. बाइट सुलटे पाठवून पाहिले, उलटे पाठवून पाहिले. तू प्रोग्रामच बदललास, की दार फक्त माझ्यासाठी लावून घेतलंस? हे मला कोण सांगणार? बाबांच्या याच आवाजानं तुला "चालता हो" म्हटलं होतं, ते मी विसरलेली नाही रे. पण माझं काहीच चालेनासं झालंय.

काल डॉक्टर म्हणाले, आजार फुप्फुसात उतरलाय, आता घरीच ठेवा. मी बाबांना म्हटलं, "ती एक गोष्ट मिळवतेच तुमची." त्यांनी माझा हात कीबोर्डवरून उचलला. मला आता त्यांचे ओठ वाचता येतात. "गोष्ट राहू दे," म्हणाले, "त्याला बोलाव."

म्हणून हे पत्र. ये रे.

तुझीच,
ताई