गुडघा दोनदा दाबावा

३ मे, सकाळी ६.१०

निर्णय झाला. या सुट्टीत जंगल. चार दिवस, तीन सफारी. मुलांना वाघ दाखवायचा, आणि तो मीच दाखवायचा.

कारण लिहून ठेवतो. काल साडूभाऊ आले होते. गेल्या वर्षी त्यांना म्हणे वाघ दिसला. थोरली (वय साडेसहा) त्यांच्या मांडीला मांडी लावून दोन तास ऐकत होती. मी मध्येच वाघाबद्दल तीन उपयुक्त मुद्दे सांगितले, तर म्हणाली, बाबा, तू थांब ना, काका सांगतोय. मला राग आला नाही. फक्त जेवण गेलं नाही.

हल्ली ती मला काही सांगतच नाही. शाळेतलं सगळं आईला, भांडणं काकाला. मला फक्त विचारते, चार्जर कुठे आहे. एकदा वाघ दाखवला की हा प्रश्न कायमचा मिटेल. प्रश्न म्हणजे चार्जरचा नव्हे.

५ मे

बायकोला कार्यक्रम सांगितला. ती म्हणाली, धाकटा चार वर्षांचा आहे, त्याला घेऊन कुठे जंगलात? वाघ दहा मैल पळून जाईल.

धाकट्याला घरात सगळे भोंगा म्हणतात. आमच्या कारखान्याच्या भोंग्याचा आणि त्याचा सूर एकच आहे. पण बायको एक गोष्ट विसरते. मी रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. बारा वर्षं मॉक ड्रिल घेतोय. चारशे माणसं सहा मिनिटांत मैदानात रांगेत उभी करतो. (खरी आग एकदाच लागली, तेव्हा मी रजेवर होतो. लोक मागच्या दाराने कसेही पळाले. तरी वाचले.)

माझ्यापुढे चार वर्षांचं पोर म्हणजे किस झाड की पत्ती!

८ मे, सायंकाळी ५

पहिली ड्रिल. सोफा म्हणजे जीप. नियम तीनच, मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावलेत. वाघ दिसल्यावर बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, जागचं हलायचं नाही. मग सांगायचं कसं, हा थोरलीचा प्रश्न. उत्तर तयार होतं. बाबांचा गुडघा दोनदा दाबावा. बाबा बघतील, खात्री करतील आणि सगळ्यांना दाखवतील.

वाघ म्हणून बायकोनं दारातून जायचं होतं. ती म्हणाली, मला कपडे वाळत घालायचेत. म्हटलं, घालता घालता जा. ती बादली घेऊन निघाली आणि भोंगा आईऽऽ म्हणून असा ओरडला की खालच्या मजल्यावरून फोन आला.

ड्रिल अयशस्वी. पण पहिली ड्रिल अयशस्वीच व्हावी लागते.

१२ मे

चौदावी ड्रिल. भोंग्याने तोंड घट्ट मिटलं, गाल फुगवले आणि माझा गुडघा दोनदा दाबला. डोळ्यांत अक्षरशः पाणी आलं. त्याच्या. मी श्वास घे म्हणायला विसरलो होतो.

दोघांना तक्त्यावर एकेक चांदणी दिली. थोरलीने विचारलं, बाबा, तुला चांदणी कोण देणार? मुलं काहीही विचारतात.

१४ मे, दुपारी ३

पोचलो. वाटेत भोंगा दोनदा ओकला, तेही न बोलता, गुडघा दाबून. शिस्त मुरते आहे.

खोली ठीक. दोन पलंग, एक पंखा, खिडकीला जाळी. मुलांना पलंगाखाली पाल सापडली. तेव्हापासून दोघंही पोटावर पडून तिच्याकडे बघताहेत. म्हटलं, अरे, आपण पालीसाठी आलो नाही. बायको म्हणाली, खेळताहेत ना, खेळू द्या, तुम्हीही जरा टेका. कसा टेकू? दुर्बीण तीनदा पुसली. टोप्या मोजल्या. परत पुसली. सगळ्यांचे मोबाईल माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये जमा करून घेतले. जंगलात फोटोंच्या नादात लोक वाघ पाहायचा विसरतात.

१५ मे, सकाळी १०.३०

पहिली सफारी झाली. वाघ नाही. दोष व्यवस्थेत आहे, माझ्यात नाही.

गाईड हाच जीप चालवतो. मी मागे, दोन्ही मुलांच्या मध्ये बसलो होतो. भोंग्याने माझा गुडघा एकूण चौसष्ट वेळा दाबला. हरीण, दाबला. माकड, दाबला. वाळलेलं पान, दाबला. शेवटी शेवटी नुसताच दाबत होता. थोरलीने एकदाच दाबला. बघतो तर सीटच्या कडेला हिरवा किडा. म्हटलं, बेटा, आपल्याला मोठं जनावर पाहायचंय. ती म्हणाली, बरं, आणि किडा बराच वेळ एकटीच बघत राहिली.

गुडघा सुजलाय. बायकोने बाम लावला आणि हसली. मी हसलो नाही.

सुधारणा: उद्या मी पुढे, गाईडशेजारी बसणार. पुढून नजरही लांब पोचते आणि नेतृत्वही दिसतं.

१६ मे, सकाळी ११

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा. यश मोजण्याची पद्धत लोकांना कळत नाही.

साडेसात वाजता पाणवठ्याच्या वळणावर, उजव्या बाजूच्या झुडपात मला पट्टे दिसले. होय, मला. गाईडलाही नाही. जीप थांबवायला लावली. दुर्बीण डोळ्याला लावली ती वीस मिनिटं काढली नाही. पट्टे अगदी स्पष्ट. वाघ दबा धरून बसला होता. मी दबक्या आवाजात सगळ्यांना माहिती देत होतो: पट्टे कसे ओळखायचे, शेपूट कुठे असेल, वारा कुठून वाहतोय.

मध्येच गाईड साहेब, साहेब, मागं... असं काहीतरी कुजबुजायला लागला. मी न वळता तळहात दाखवला. नियम सगळ्यांना सारखे. मग तो बिचारा गप्प आरशात बघत बसला. केस नीट करत असावा. थोड्या वेळाने बायकोने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. जंगलात माणूस हळवा होतो. एरवी मलाही बरं वाटलं असतं, पण दुर्बीण हलते. खांदा झटकला. तिने पुन्हा ठेवला. पुन्हा झटकला.

आणि मुलं! वीस मिनिटं चकार शब्द नाही. हालचाल नाही. भोंगा मागे बसलाय हे विसरूनच गेलो. बारा वर्षांच्या नोकरीत अशी ड्रिल पाहिली नाही.

शेवटी झुडपात ऊन शिरलं, आणि ते वाळलेलं खोड निघालं. खोडावर सालीचे पट्टे होते. हुबेहूब. कोणीही फसला असता.

मागे वळून पाहिलं तर तिघंही लालबुंद, डोळे हे एवढे. भोंग्याच्या तोंडावर थोरलीने हात दाबून धरलेला. म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका, उद्या आहे ना. बायको स्वतःशीच काखेत कळसा असं काहीतरी पुटपुटली. बहुधा तिचा गॉगल सापडत नसावा.

परतताना गाईड गाणं गुणगुणत होता. वाघ दिसला नाही तरी गाणं सुचतं, असली माणसं मला आवडत नाहीत.

१६ मे, दुपारी ४

बायको माझ्याकडे राहून राहून बघतेय. जेवताना स्वतःच्या ताटातलं भजं माझ्या ताटात घातलं. लग्नानंतर हे दुसऱ्यांदा. खोडाच्या बाबतीत मी जो संयम दाखवला, त्याचं तिला कौतुक वाटलेलं दिसतंय. बोलून दाखवणार नाही ती.

मुलं पलंगावर उड्या मारताहेत. एक चार पायांवर हळूहळू चालतो, दुसरी श्वास रोखून बसते. मी खोलीत गेलो की दोघं थांबतात. विचारलं, काय खेळताय? थोरली म्हणाली, पाल-पाल.

१७ मे, सकाळी ११

शेवटची सफारी. वाघ नाही. मी पुढेच बसलो. तीन तास मान एकशेऐंशी अंशांत फिरवली. आता फिरत नाही.

नवल म्हणजे मुलांना काहीच वाटलेलं नाही. भोंगा वाटेत झोपला. थोरलीने गाईडला निघताना मिठी मारली आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब, पोरं लय गुणाची आहेत. मी म्हटलं, ट्रेनिंग आहे.

पण खरं लिहायचं तर गाडीत सामान भरताना हात चालेना. मी चार दिवस पोरीच्या तोंडाकडे बघत होतो. एकदा तरी ती माझ्याकडे तशी बघेल, काकाकडे बघते तशी, असं वाटलं होतं.

असो. वाघ न दिसणं हाच खरा जंगलाचा अनुभव. तो दिसला की मुलं लाडावतात.

२३ मे

ऑफिसात स्लाइड दाखवली: शून्य आवाज, वीस मिनिटं. मॅनेजर म्हणाले, आणि वाघ? म्हटलं, आपण प्रक्रियेबद्दल बोलतोय. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

संध्याकाळी साडूभाऊंचा फोन. थोरली फोन घेऊन बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. अर्धा तास. बाहेरून नुसत्या हसण्याचा आवाज. दारापाशी मी तीनदा गेलो. एकदा टॉवेल घ्यायला, एकदा टॉवेल ठेवायला, एकदा असंच. बाहेर आल्यावर विचारलं, काय गप्पा? ती म्हणाली, काही नाही रे.

पुढच्या वर्षी पुन्हा जाणार. सहा सफारी. आतापासून ड्रिल.

१८ जून, संध्याकाळी

शाळेत पालकसभा होती. बायकोला बरं नव्हतं म्हणून मी गेलो. बसायला मुलांचीच बाकं. गुडघे हनुवटीला लागले.

वर्गाच्या बाई म्हणाल्या, तुमची मुलगी काय सुंदर सांगते हो! सुट्टीबद्दल बोल म्हटलं, तर दहा मिनिटं वाघावर बोलली, अख्खा वर्ग गप्प. वाघ रस्त्याच्या कडेला बसला होता, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं, एक कान फाटका होता. आणि म्हणाली, माझ्या बाबाला सगळ्यांच्या आधी दिसला, त्यानेच आम्हाला दाखवला. बाई म्हणाल्या, मुलांना इतका वेळ देणारे वडील आजकाल कुठे असतात?

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? बाकातून उठताही येत नव्हतं.

परतताना थोरली गाडीत शेजारी होती, विषय काढला. आवाज मुद्दाम मऊ ठेवला. म्हटलं, बेटा, काका थापा मारतो म्हणून आपण मारायच्या नाहीत. आपल्याला वाघ दिसलेला नाही. खोटं का सांगितलंस?

ती म्हणाली, दिसला होता, बाबा. तू दाखवलास, एवढंच खोटं आहे.

सिग्नल सुटल्याचं मागचे हॉर्न वाजवायला लागल्यावर कळलं.

मग सगळं बाहेर आलं. सोळा मे. मी खोड बघत होतो त्याच्या बरोबर उलट्या बाजूला, जीपच्या मागे, दहा पावलांवर. सगळ्यांनी पाहिला. गाईड सांगत होता. आईने दोनदा हात लावला. भोंग्याला माझा गुडघा सापडेना, कारण तो पुढच्या सीटवर होता. मग त्याने स्वतःचाच दाबला, दोनदा. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, हलायचं नाही. तिघांनी तिन्ही नियम पाळले.

विचारलं, मग नंतर का नाही सांगितलंत? ती म्हणाली, आई म्हणाली, आत्ता नको, बाबाला फार लागेल. आणि तू किती खूश होतास, ड्रिल चांगली झाली म्हणून. मग राहूनच गेलं. विचारलं, आणि शाळेत माझं नाव का घातलंस? म्हणाली, सगळ्यांच्या बाबांनी सुट्टीत काहीतरी केलं होतं.

मला बोलायचं होतं. पुढे बसण्यामागे कारण होतं, सुजलेल्या गुडघ्याचं. वाईट वाटलं. वाघाचं वाटलंच, पण त्याहून याचं की साडेसहा वर्षांची पोर महिनाभर मला सांभाळून घेत होती आणि मला पत्ता नव्हता.

घराखाली गाडी लावली. उतरलो नाही, तीही उतरली नाही. मी विचारलं, काय करत होता गं तो?

ती म्हणाली, काही नाही, बसला होता. आधी जरा वेळ आमच्याकडे बघितलं. मग सगळा वेळ तुझ्याकडेच बघत होता.

माझ्याकडे का?

ती म्हणाली, आम्ही गप्प होतो ना, बाबा. तू एकटाच बोलत होतास.