जावयाची बाटली

प्रिय मेहुणेबुवांस,

तुमच्या ताईच्या नवऱ्याचा, म्हणजे अजून नोकरीत आणि तुरुंगाबाहेर असलेल्या माणसाचा, मनापासून नमस्कार. तुम्ही तिकडे ठणठणीत असाल, वहिनींचा खोकला थांबला असेल आणि धाकटीने भिंतींवर चित्रं काढणं सोडलं असेल अशी आशा करतो. (सोडलं नसेल तर ओरडू नका.) इकडे ताई मजेत आहे. तुमचे अण्णा महिनाभर आमच्याकडेच आहेत, रोज पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मी मात्र हादरलोय. चार दिवस झाले तरी.

माझ्या कामाबद्दल तुम्ही आमच्या लग्नात मांडवभर सांगत फिरलात की भाऊजी बॉम्ब बनवतात. अहो, मी कुठला बनवतोय! मी मोजतो. अणुभट्टीच्या इंधनाच्या गोळ्या आमच्या प्रयोगशाळेत नमुन्याला येतात. त्यांची भुकटी मी काचेच्या बंद पेटीत, पेटीला जोडलेल्या जाड रबरी हातमोज्यांत हात घालून तोलतो, आम्लात विरघळवतो आणि तिच्यात युरेनियम किती, ते सांगतो. तराजूवर चिमटीएवढा फरक आला तरी तो गेला कुठे, याचं उत्तर द्यावं लागतं. बाहेर पडताना हातपाय यंत्रात घालायचे, हिरवा दिवा लागला की घरी जायचं. इतकी वर्षं दिवा हिरवाच लागलाय. तुमची ताई म्हणते, एवढा सरळ माणूस तिने दुसरा पाहिला नाही. (हे ती कौतुकाने म्हणत नाही.)

आता मुद्द्याची आणि जरा लाजेची गोष्ट. आमच्या अंगात चुकून काही गेलं नाही ना, हे बघायला आम्हाला अधूनमधून दिवसभराची लघवी जमा करून द्यावी लागते. सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत, सगळी. त्यासाठी ऑफिस एक भलीमोठी पांढरी बाटली देतं, वर फक्त एक नंबर. मागच्या खेपेला मी अर्धवट झोपेत विसरलो, बाटली तशीच राहिली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. म्हणून या वेळी मी रजा टाकली आणि संडासाच्या दारावर आतून मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: ‘बाटलीतच. एक थेंबही बाहेर नको.’ आपला आपल्यासाठीच. पण घरात निवृत्त ग्रंथपाल सासरे मुक्कामाला आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही! ज्या माणसाने जन्मभर ‘शांतता राखा’च्या पाट्या लावल्या, तो पाटी मोडेल का? अण्णा बागेतही ‘गवतावर चालू नये’ वाचून, गवत कधीच वाळून गेलेलं असलं तरी, लांबून वळसा घालतात.

सकाळी बघतो तर बाटली काठोकाठ! मला, खोटं कशाला सांगू, अभिमानच वाटला. पाणी भरपूर प्यावं असं डॉक्टर सांगतात, ते आपल्या हातून आपोआप होतंय म्हटलं. बाटली कापडी पिशवीत घातली, वर घडी केलेला टॉवेल ठेवला (बसमध्ये शेजारच्याला कळू नये म्हणून) आणि ऑफिसला निघालो.

फाटकातून आत शिरतो न शिरतो तोच तिथलं यंत्र बोंबलायला लागलं. हे यंत्र माणूस बाहेर पडताना वाजलं तर वाजतं, आत जाताना वाजलेलं कोणी ऐकलंच नव्हतं. फाटकावरचा पहारेकरी, जो रोज मला क्रिकेटचा स्कोअर विचारतो, तो उडी मारून मागे सरकला आणि म्हणाला, “साहेब, आहात तिथेच थांबा! पिशवी हलवू नका!” मागे रांग लागली. तेवढ्यात आमच्या सुरक्षा अधिकारी बाई आल्या. (त्यांना सगळे मीटरबाई म्हणतात, पाठीमागे.) त्यांनी मीटर माझ्या अंगावरून फिरवला, शांत. पिशवीजवळ नेला, तर मीटरने असा काही आवाज काढला की मागची अख्खी रांग दोन पावलं मागे गेली. भर रांगेत त्यांनी विचारलं, “यात काय आहे?” आता काय सांगू? मी म्हटलं, “माझंच आहे.”

मग काय विचारता! माझी रवानगी एका रिकाम्या खोलीत. अंगावरचे कपडे काढून घेतले, कागदाचा झगा दिला, जो मागून नीट मिटत नव्हता. आत काचेच्या पेट्या उघडून सगळा माल पुन्हा तोलायला घेतला, कारण साहेबांच्या डोक्यात आलं की मी नमुन्यातलं काही उचललं असेल. पहारेकरी माझ्या बाजूने बोलायला गेला की चोर माल बाहेर नेतो, हे तर आत आणतायत. पण पुढे म्हणतो कसा, “पश्चात्ताप झाला असेल.” वा रे वकील! चोरी ठरली तर नोकरी गेली, आणि चोरी नाही ठरली तर माझ्या अंगात काहीतरी भयंकर शिरलंय, म्हणजे प्रयोगशाळेत जन्मात पुन्हा पाय ठेवता येणार नाही. तुमच्या ताईला काय सांगू, घराचे हप्ते कोण भरणार, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

मीटरबाईंनी मला दोनदा विचारलं, “ही नक्की तुमचीच आहे?” मी, मूर्ख माणूस, छातीवर हात ठेवून म्हणालो, “शंभर टक्के माझीच!” दुसऱ्या कोणाची असेल अशी शंकासुद्धा मला अपमानाची वाटली. आता सांगा, असं भांडण जगात कोणी भांडलं असेल का?

दुपारी त्यांनी बाटली पुन्हा मोजली, तर आकडा जवळजवळ निम्म्यावर! बाई हसल्या. (त्यांना हसताना आम्ही प्रथमच पाहिलं.) त्यांनी सांगितलं, आम्ही जे हाताळतो ते माणसाच्या आयुष्यात काही कमी होत नाही, पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं. इतक्या झपाट्याने उतरतं ते दवाखान्यातलं किरणोत्सारी औषध, तपासणीआधी शिरेत टोचतात ते. “घरी कोणाला टोचलंय का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे! तरी घरी फोन लावला. ताईला विचारलं, बाटलीला कोणी हात लावला होता का? ती किंचाळली, “शी! मी कशाला लावू?” आणि मागून अण्णांचा संथ आवाज, “मी वापरली. तशी पाटी होती.”

झालं! मित्राकडे जातो म्हणून आदल्या दिवशी बाहेर पडलेले अण्णा गुडघा दाखवायला हॉस्पिटलात गेले होते, तिथे ते इंजेक्शन दिलं, असं त्यांनी ताईला सांगितलं. तिने त्यांना फैलावर घेतलं आणि मला त्याहून जास्त. नोकरी वाचली. मात्र नवा नमुना मला ऑफिसातच द्यावा लागला, दाराबाहेर पहारेकरी उभा. ऑफिसात आता मला ‘शंभर टक्के’ म्हणून हाक मारतात. संडासातला कागद मी काढला, तर अण्णांनी विचारलं, आता काय नियम आहे? असा सगळा प्रकार. वहिनींना नमस्कार, धाकटीला पापा.

तुमचा,
भाऊजी

ता. क. हे पत्र ताईने वाचलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कागदी झग्याचं अजून सविस्तर लिहा म्हणाली, ते मी लिहिणार नाही. तिचा आशीर्वाद. ती आता बाजारात गेली आहे.

ता. क. २. ती गेली म्हणून हे लिहितो. वरचं सगळं खरं आहे, फक्त गुडघा खोटा. ते औषध कशासाठी देतात हे मी मीटरबाईंना विचारून घेतलं. एका गुडघ्यासाठी कोणी ते टोचत नाही. शरीरातला मोठा आजार हाडांपर्यंत पोचलाय का, ते बघायला टोचतात. त्या संध्याकाळी मी अण्णांना गॅलरीत गाठलं. विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, “ते औषध लघवीतून उतरतं, जपा म्हणाले होते. हॉस्पिटलवाल्यांनी तुम्हाला कळवलं असणार. तुम्ही एक शब्द न बोलता बाटली ठेवलीत, पाटी लावलीत. मला फार बरं वाटलं. आपल्या माणसाने असंच करावं.” मेहुणेबुवा, माझी मान खाली गेली. मी काय सांगणार त्यांना, की ती माझ्यासाठी होती? मी हो म्हटलं. मग त्यांनी रिपोर्ट दाखवला. पोचलाय. कमरेत आणि पाठीत. हे सगळं एकटे करत होते, बसने जाऊन, बाकावर बसून. पुढच्या सोमवारी डॉक्टर उपचार ठरवणार आहेत, तेव्हा घरचं कोणीतरी हवं म्हणतात. तोवर मुलीला सांगायचं नाही, असं माझ्याकडून वचन घेतलंय. ती कोसळेल म्हणून. फोनवर तुमच्याशी बोलू शकत नाही, घरात ती असते. म्हणून पत्र.

ता. क. ३. वचन घेताना अण्णांनी फक्त ताईचं नाव घेतलं. मी म्हटलं, “आणि मुलाला?” ते चष्मा काढून पुसत बसले. मी पुन्हा विचारलं. म्हणाले, “त्याला कामं असतात.” पण सांगू नका, असं म्हणाले नाहीत. तुम्ही या.