कोणत्या गालावर

३ जून
कोर्टाचा कागद आला. सोमवारी साक्ष. समोरच्या घड्याळवाल्याचा खून पाहिलेला मी एकटाच! बाकी सगळी गल्ली त्या दिवशी आंधळी झाली होती. बायको म्हणते, तुम्हीही व्हायचं होतं.

५ जून
आरोपीचा भाऊ आला. दाढी करायला! वस्तरा माझ्या हातात, गळा त्याचा, आणि घाम मला. उठताना म्हणाला, "हात फार हलका आहे तुमचा. जपा." माझी पाचावर धारण बसली. पैसे घ्यायचेही राहिले.

८ जून
आरोपी मास्क लावून उभा — डोळ्यांखालचं सगळं झाकलेलं. सरकारी वकील चिडले, तोंडच झाकल्यावर ओळखायचं कसं? त्याचा वकील म्हणाला, गालावर भाजल्याचा डाग आहे, तो दिसला की कुणीही बोट दाखवेल. साक्षीदाराने आधी आठवून सांगावं. न्यायाधीशांना पटलं. तोवर मास्क राहू द्या म्हणाले.

खरं लिहितो, मला बरंच वाटलं. त्याचं तोंड बघायची छाती नव्हती.

"कोणत्या गालावर?" त्याच्या वकिलाने विचारलं.

"डाव्या." जन्म गेला लोकांचे गाल हाताळण्यात, त्यात काय चुकायचं!

मास्क उतरवला. डाग उजव्या गालावर.

घरी कसा पोचलो, ठाऊक नाही.

९ जून
दुकान उघडलं, आरशासमोर उभा राहिलो आणि चूक कळली. त्या दिवशी इथेच होतो, रस्त्याकडे पाठ करून, शाळेतल्या मास्तरांचे केस कापत. पाहिलं ते सगळं आरशात! उजव्याचं डावं झालं. गिऱ्हाइकाचं डोकं हाताखाली असतं, म्हणून तिथे कधी चुकत नाही. रस्त्यावरच्या माणसाचं डोक्यातच आलं नाही.

माणूस तोच आहे. सरकारी वकिलांना सांगायलाच हवं.

१० जून
त्यांच्या ऑफिसपर्यंत गेलो. जिन्यात तो भाऊ उभा होता. त्याने बाजूला सरून वाट दिली. मी परत फिरलो. बायकोला सांगितलं, वकील भेटले नाहीत.

११ जून
आज गेलो नाही.

१९ जून
आरोपी सुटला. घड्याळवाल्याची बायको कोर्टाच्या पायरीवर बसून होती. मी दुसऱ्या दाराने निघालो. लाज वाटते. भीती त्याहून जास्त वाटते.

२२ जून
आज तो स्वतः आला. खुर्चीत बसला. आरशात मागचा रस्ता दिसतो, तो बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "तुमचं काही चुकलं नव्हतं."

मी दाढी करून दिली.