बांधावरच्या तीन महूंबाबत

मी, पितांबर सुदाम पाटील, वय ७८, धंदा शेती, राहणार कळसाडी, तालुका शहादा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी प्रमिलाबाईची. पंचावन्न वर्षं तिने माझा तापट स्वभाव सांभाळला. तिचे उपकार या कागदात मावणार नाहीत.

२. ट्रॅक्टर, पाण्याची मोटर आणि नाल्याकाठचं सहा एकर शेत मुलगा हेमराज याला, एका अटीवर. बांधावरची तीन महूची, म्हणजे मोहाची, झाडं तोडायची नाहीत. ऊसतोडणीच्या यंत्राला वळायला जागा लागते, हे तो रोज ऐकवतो. यंत्राने दुसरीकडून वळावं. सरकारी परवानगी आणून तोडली, तरी शेत मुलगी शीला हिचं होईल.

कारणही लिहितो. बावीस वर्षांपूर्वी मीच ती तोडायला निघालो होतो. स्वतःच्या शेतातला महूसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. वाळलेल्या झाडाची परवानगी मात्र लवकर मिळते. फाल्गुनात महूची पानं गळतात. मी नेमका तेव्हाच 'झाडे वाळली आहेत' असा अर्ज टाकला. वनखात्याचे साहेब पाहणीला आले. पंच म्हणून मी माझा सालदार गोवाल उभा केला. वर्षाच्या बोलीवर माझ्याकडे राबणारा माणूस माझ्याविरुद्ध काय बोलणार?

साहेबांनी विचारलं, "झाडं मेली आहेत ना?"

गोवालने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नही साहेब. आठ दिन थांबा. फुलं पडतीन."

साहेब नवव्या दिवशी परत आले, तर झाडाखाली फुलांचा सडा. अर्ज नामंजूर. मी साहेबांना, सरकारला आणि कायद्याला शिव्या घातल्या आणि गोवालला त्याच दिवशी कामावरून काढलं.

तीन वर्षांनी नाल्याला पूर आला. शेजारच्या इंद्रसिंगने आपला बांध आधीच साफ केला होता. त्याची माती गेली, मुरूम उघडा पडला. माझी माती महूंच्या मुळांनी धरून ठेवली. माझ्या घरात आजही त्याच मातीतलं शिजतं. म्हणून सगळ्या शिव्या परत घेतो. ज्यांनी तो कायदा केला आणि ज्या साहेबांनी तो माझ्यासमोर पाळला, त्यांचा मी ऋणी आहे.

३. शेत एकाचं आणि महूची फुलं वेचणारं घर दुसरं, अशी आमच्याकडची जुनी वहिवाट; माझ्या महूंची फुलं वेचणारं घर गोवालचं. वेचणाऱ्याने पहिली टोपली मालकाच्या उंबऱ्यावर ठेवायची. काम गेल्यावरही गोवाल दरवर्षी ती ठेवत आला. मी ती गुरांपुढे ओतत आलो. प्रमिलाबाई म्हणायची, "तो दरसाल टोपली ठी जास, अन् तुम्ही त्यानासंगे बोलतस भी नही!"

यंदा मी त्याच्या दारी गेलो. उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. तोच म्हणाला, "बठा ना, पाटील. च्या मांडस." मला रडू आलं, ते लपवत नाही.

फुलं वेचण्याचा हक्क यापुढे गोवालची मुलगी दीपमाला हिचा आणि तिच्या मुलाबाळांचा, कायमचा. पहिली टोपली हेमराजने दोन्ही हातांनी घरात घ्यावी.

४. हक्क खुद्द गोवालच्या नावे का नाही, असं कोणी विचारेल. वकील म्हणाले, ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. आणि साक्षीदार तर मला गोवालच हवा होता.

या कागदावरून पुढे वाद झालाच, तर गोवाल सांगेल ते खरं धरावं. माझ्याविरुद्ध असलं तरीही.

स्थळ: कळसाडी, नाल्याकाठचा बांध
तारीख: १९ मार्च २०२५

सही: पितांबर सुदाम पाटील

साक्षीदार:
१. शांतिलाल केशरीमल जैन, किराणा व्यापारी, शहादा (सही)
२. गोवाल जामसिंग पावरा, कळसाडी (डाव्या अंगठ्याचा ठसा)