पडक्या मठाची किल्ली

लाखुरी, स्वानेती
३० ऑगस्ट

चि. बेकनो यास,

आजीचा आशीर्वाद. गाय बरी आहे, गुडघे बरे नाहीत. हे पत्र ड्रायव्हर गोचाच्या हाती धाडतेय. लिहिता येतं तेवढं लिहिते, हसू नकोस.

तिबिलिसीतल्या हॉटेलाला आपल्या मठाचं नाव दिलंस म्हणे. भिंतीवर मठाच्या दाराचा हा एवढा फोटो, आणि गिऱ्हाइकांना सांगतोस, याची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात आहे. छान. गिऱ्हाईक टाळ्या वाजवतं का रे?

परवा मरियमचा सण झाला. तुझे आजोबा गेल्यावर किल्लीवाल्या घरात पुरुष तू एकटाच, आणि येतो म्हणाला होतास. सगळी वाडी भाकऱ्या आणि मेणबत्त्या घेऊन दारापुढे उभी. साधू मठ सोडून गेले त्याला शेकडो वर्षं झाली. छप्पर नाही, मागची भिंत आडवी झालीय, शेळ्या आत बसून रवंथ करतात. पण माणसाने जायचं ते दारानेच. आणि सणाला कुलूप उघडायचं ते पुरुषाने. ज्याने उघडलं, किल्ली त्याच्या घरची. हे तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकांना सांगतोस की नाही, कोण जाणे.

गोचाची गाडी आली. तुझा निरोप उतरला, तू नाही. सणासुदीचा धंदा सोडवत नाही म्हणे.

दुपार टळली. भाकऱ्या गार झाल्या. खालच्या घरचा बिमुर्झा, ज्याच्याशी तुझे आजोबा मरेपर्यंत बोलले नाहीत, तो पुढे होऊन मला म्हणाला,

"माक्वाला, मागच्या भिंतीकडून जाऊ या का?"

"तिथून शेळ्या जातात. तुला शिंगं फुटलीत का?"

लोक हसले. तो हसला नाही. "मग सण न करताच घरी जायचं?"

सरकारने देव बंद केला होता, तेव्हाही सण चुकला नव्हता. तो तुझ्या हॉटेलातल्या पनीरच्या रोटीपायी चुकवायचा?

किल्ली मी बिमुर्झाच्या हातात दिली. हेच लिहायचं होतं; गाय आणि गुडघे उगाच लिहिले. त्याने कुलूप उघडलं आणि सगळी वाडी दारातून आत गेली.

संध्याकाळी तो किल्ली परत घेऊन आला. म्हणाला, "पोरगा येईल पुढच्या वर्षी." मी दार लावून घेतलं. तुझ्या नावाने भीक मी घेणार नाही.

किल्लीच्या खुंटीवर आता कांदे टांगलेत. गिऱ्हाइकांना सांग, किल्ली आमच्या घरात होती. फोटो राहू दे, फोटोला कुलूप उघडावं लागत नाही.

इकडे यायचं कारण आता तुला उरलेलं नाही. तरी आलास, तर जेवायला मिळेल.

तुझी आजी (हे नातं काही कुणाच्या हातात देता येत नाही),
माक्वाला