चार वाजेपर्यंतचं भाषण

बर्मिंगहॅम, मार्च १९५७

ती. बबनदादांस,
धाकट्या भैरूचा दोन्ही हात जोडून नमस्कार. माझा ताप उतरला, आईला सांगा. तिचे गुडघे कसे आहेत?

काल घरमालकीण हॉपरबाईंबरोबर लंडनला पार्लमेंट पाहायला गेलो. त्यांचे यजमान कारखान्यात मशीनच्या पट्ट्यात ओढले जाऊन वारले. अशा पट्ट्यांना जाळी सक्तीची करायचं विधेयक आमच्या खासदारबाईंनी मांडलं होतं. बाई मागच्या बाकावरच्या, मंत्री नव्हेत. चिठ्ठीत नाव निघालं म्हणून एवढा एक दिवस मिळाला.

शेवटी एक गृहस्थ उठले. "जाळीला माझा विरोध नाही," म्हणाले. मग जाळीचा रंग, तारेची जात, आजोबांची गिरणी, असं हसत हसत बोलतच राहिले. चार वाजले, वेळ संपली, मतं घ्यायची राहिली आणि तिथल्या नियमाने विधेयक मेलं. विरोधात एकही मत पडलं नाही, दादा!

हॉपरबाईंनी विचारलं, "आता मतं कधी घेणार?"

"घेणार नाहीत," मी म्हणालो. त्या बसूनच राहिल्या.

पिंपरीला तुमच्या खात्यात पट्ट्याला जाळी आहे का? नसेल तर सदऱ्याची बाही दंडाला घट्ट बांधूनच मशीनपाशी जा. माझी शपथ आहे.

तुमचाच,
भैरू