काळगुह्यांचं पान

सर, तुमच्या खेळाच्या तिन्ही वह्या आता माझ्याकडे आहेत. ताईंनी, म्हणजे तुमच्या मुलीने, साताऱ्याचं घर आवरायला काढलं तेव्हा त्या कपाटाच्या वरच्या फळीवर सापडल्या आणि त्यांनी त्या पार्सलने मला सांगलीला पाठवल्या. सोबत ते जाडजूड इंग्रजी पुस्तकही होतं, तुमच्या पुतण्याने परदेशातून आणलेलं, ज्यावरून तुम्ही हा सगळा खेळ मराठीत लिहून काढला होता. ताईंच्या मनात आहे की वह्यांचं एक पुस्तक करावं, तुमच्या आठवणीसाठी, थोड्याच प्रती. मी मुलांच्या वाचनालयात काम करते आणि मेढ्याच्या शाळेत तुमच्या हाताखाली शिकले, तो खेळ खेळले, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. अक्षर मात्र काल लिहिल्यासारखं आहे. पहिल्या दिवशी मी नुसता शाईचा वास येतो का ते बघत बसले.

खेळ बसतो का ते बघावं म्हणून एका शनिवारी मी वाचनालयातल्या पाच-सहा मुलांना गोल करून बसवलं. तुम्ही सांगायचात तसंच सांगितलं. मी गोष्ट सांगणार, तुम्ही गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि संकट आलं की नशीब काढायचं. वीस बाजूंचा फासा मेढ्यात कुठून मिळणार, म्हणून तुम्ही पावडरच्या रिकाम्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या घालायचात. मीही डबाच घेतला. मग प्रत्येकाला तुमच्या वहीतल्यासारखा तक्ता आखून दिला. नाव, जात, बळ, बुद्धी, शस्त्र. चौथीतली एक मुलगी पेन्सिल तोंडात धरून बराच वेळ थांबली आणि मग म्हणाली, "ताई, हितं जात काय लिहू? खरी लिहू का खेळातली?" बाकीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने हाताने आपला कागद झाकला. इंग्रजी पुस्तकातल्या 'रेस' या शब्दाला तुम्ही 'जात' हा शब्द योजलात, तेव्हा आम्हाला कुणालाही त्यात काही वाटलं नव्हतं. वनदेव, बुटके लोहार, माणसं आणि काळगुहे, अशा चार जाती. मी त्या मुलीला म्हटलं, ते घर रिकामं सोड. ती म्हणाली, "मग माझे मार्क जातील का?" मी खेळ तिथेच थांबवला, डोकं दुखतंय असं सांगून.

घरी येऊन काळगुह्यांचं पान काढलं. इतक्या वर्षांत मी ते वाचलं नव्हतं, आणि मला ते वेगळंच आठवत होतं. 'काळगुहे जन्मतः चोर. बुद्धी उणे दोन. एक मारल्यास दहा गुण.' त्याखाली, 'गावाबाहेर ओढ्याकाठी पालं ठोकून राहतात. बायका कपाळ गोंदतात, झोळी घेऊन फिरतात. पोरे भीक मागतात. एका जागी टिकत नाहीत. शब्दावर विश्वास ठेवू नये.'

मेढ्याबाहेर ओढ्याकाठी पालं कुणाची होती, ते तुम्हाला माहीत होतं सर. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण तिथलीच. तिला शाळेत तुम्हीच आणलंत. सायकलवरून तीन वेळा पालावर गेलात, तिच्या बापाशी बोललात, तिची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती तर तुम्हीच एक ठरवून फॉर्मवर लिहिलीत. काकू तापाने अंथरुणाला होत्या त्या आठवड्यात आम्ही दोघी तुमच्या घरी आलो होतो. मला अजून दिसतं, तुमच्या स्वयंपाकघरात ती चुलीपुढे बसली आहे, परातीत भाकरी थापते आहे, आणि दारात शेजारच्या आजी उभ्या आहेत. "मास्तर, हिच्या हातची खानार तुमी?" असं त्या विचारतात. तुम्ही पाट ओढता, बसता आणि भाकरी मोडता. त्या दिवसापासून माझ्या लेखी तुमच्याएवढा मोठा माणूस मेढ्यात नव्हता. तोच हात, सर. मी पानावरून बोट फिरवत होते आणि मला ते एकत्र लावताच येईना.

मग चित्रकलेच्या वर्गातली ती दुपार आठवली. आम्ही सातवीत. शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर आम्ही पाचजण तुमच्याभोवती बसलो आहोत. गोष्टीत आम्ही गुहेत शिरलोय, आत काळगुह्याची बाई आहे, कडेवर पोर. पाळी माझ्या मैत्रिणीची आहे. ती म्हणते, "मी त्यांना जाऊ देते." तुम्ही म्हणता, "तसा नियम नाही. मार किंवा मागे फिर." ती म्हणते, "मग माजी पाळी गेली असं समजा." तुम्ही वही मिटता. "खेळ आहे, खेळासारखा खेळ. रडायचं असेल तर घरी जा." ती रडत नव्हती. मला ते लख्ख आठवतंय, कारण मी तिच्याकडे बघितलं होतं. पुढची पाळी माझी होती. मी डब्यातून चिठ्ठी काढली, सतरा आला, आणि मला दोघांचे मिळून वीस गुण मिळाले.

मी स्वतःची समजूत घातली की हे सगळं मूळ पुस्तकातलं असणार. सरांनी फक्त भाषांतर केलं, जुन्या काळचं परक्यांचं लिहिणं, सरांचा काय दोष. तीन दिवस शब्दकोश घेऊन मी ते इंग्रजी प्रकरण वाचलं. त्यातही वाईटच आहे. काळी कातडी, गुहेत वस्ती, कपटी, भित्रे, मारायच्याच लायकीचे. पण त्यात पालं नाहीत. ओढा नाही. गोंदण नाही, झोळी नाही, भीक नाही. ते तुम्ही घातलंत. खेळ आपल्याकडचा वाटावा, मुलांना डोळ्यांपुढे दिसावं म्हणूनच घातलं असणार. लोहारांना तुम्ही कराडच्या बाजारातला भाता दिलात, वनदेवांना जावळीचं रान दिलंत, तसंच हेही. असं मी म्हणते आणि पुन्हा ते पान उघडते.

ताईंना फोन केला. त्या आधी ऐकून घेत होत्या, मग त्यांचा आवाज चढला. "बाबांच्या हातचं आहे ते. त्यांनी तिला शाळेत घातलं, ते कुणी बघणार नाही, आणि हे चार शब्द तेवढे बघणार. आहे तसं छाप, नाहीतर वह्या परत दे." मी म्हटलं, ताई, एकदा तिला विचारू या. त्या मग म्हणाल्या, "ती आहे कुठे?"

ती शिरवळला आहे, सर. एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर. चाळीस बायका हाताखाली. मुलगी बारावीला. मी वही पिशवीत घालून गेले. तिने चहा टाकला आणि मी शब्द जुळवत बसले, तर तीच म्हणाली, "आगं, त्यात काय हाय ते मला म्हाईत हाय. मी तवाच वाचलं हुतं. सर पानी प्यायला गेलं की मी वही उघडायची."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर शनवारचं यायचं बंद झालं असतं. मला खेळायचं हुतं." तिने चहा गाळला. "लय आवडायचा गं मला त्यो खेळ. आठवडाभर वाट बघायची मी."

मी विचारलं, काय करू, काढून टाकू का ते पान?

"काढ," ती म्हणाली. बशी पुढे सरकवली. मग म्हणाली, "न्हाई, ऱ्हाऊ दे. काढलं तर लोकांला वाटंल, असं कवा कुनी लिवलंच न्हाई." आतल्या खोलीत तिची मुलगी मोठ्याने काहीतरी पाठ करत होती. तिने तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हिनं वाचलं तर? काढच बाई. मला नगं इचारूस. तुमी ठरवा." थोड्या वेळाने म्हणाली, "सर वाईट न्हवतं. माज्यासाठी केलं तेवढं माज्या चुलत्यांनी बी केलं न्हाई. पन मला एक कळत न्हाई. चांगल्या मानसाला बी आमी असंच दिसत हुतो व्हय?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं, सर?

मग तिने वही स्वतःच ओढून घेतली आणि पान काढलं. मजकुराकडे तिने बघितलंही नाही. बाजूला पेन्सिलीने काढलेली काळगुह्याची बाई आहे, तिच्यावर तिने बोट ठेवलं. "आई हाय ही," ती म्हणाली. "शाळंच्या फाटकापाशी आशीच उभी ऱ्हायची. झोळी बी डाव्या खांद्याव. आत यायची न्हाई, मी बाहेर पडूस्तवर तितंच." ती हसत होती, सर. तिच्याकडे आईचा एकही फोटो नाही, पालावर कोण फोटो काढणार. तिने मोबाइल आणला. चित्रातल्या बाईला सुळ्यासारखे दात आहेत, ओठांबाहेर आलेले. तिने अंगठ्याने ते दात झाकले आणि दुसऱ्या हाताने फोटो काढला. नीट आला का ते बघितलं, परत एकदा काढला. "सरांनीच काढलं असंल, न्हवं? त्यांचा हात लय चांगला हुता."

"हो," मी म्हटलं.

पुस्तक छापून आलं आहे. मी शिरवळची सगळी हकिकत सांगितल्यावर ताई म्हणाल्या, घे काढून. तक्त्यातलं 'जात' हे घर गेलं, त्या जागी 'कुणी वाढवलं' आणि 'काय येतं' अशी दोन घरं आली. गुहेतल्या बाईशी आता बोलता येतं. सांगलीची मुलं तिला वाट विचारतात, कधी ती खरं सांगते, कधी फसवते. पहिल्या पानावर ताईंनी एक ओळ घातली आहे, 'काही मजकूर वगळला आहे.' काय ते लिहिलेलं नाही. हे बरोबर झालं की नाही, मला कळत नाही. कधी वाटतं मुलांना वाचवलं, कधी वाटतं तुम्हाला. पुस्तक तिलाही पाठवलं. तिने फक्त 'मिळालं' एवढाच मेसेज केला.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि तिचा आहे तर तिला मी हे पाठवणार नाही. ते चित्र मी काढलं होतं, सर. तुम्ही म्हणाला होतात, प्रत्येक जातीचं एकेक चित्र हवं. मी वर्गाच्या खिडकीत बसून फाटकाकडे बघत काढलं. तुम्ही ते सगळ्यांना दाखवून म्हणालात, निरीक्षण असावं तर असं. तिला ते दात लावायला तुम्ही सांगितलं नव्हतं.